एन्कोडर बदलण्याआधी: ॲब्सोल्यूट एन्कोडरचा चुकलेला आकडा कसा शोधायचा

गोव्यात डिचोलीच्या माझ्या वर्कशॉपात फडताळावर एक मल्टिटर्न एन्कोडर, म्हणजे शाफ्ट कुठे आणि कितव्या फेरीत उभा आहे ते सांगणारा सेन्सर, पडून आहे. ठणठणीत चांगला. काही वर्षांपूर्वी वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका पॅकिंग मशीनवरून मीच तो ‘गेला’ म्हणून काढला. मशीन रोज थोडं थोडं पुढे जाऊन थांबत होतं, ऑपरेटर रोज सकाळी प्रिसेट मारून (आकडा हाताने जुळवून) दिवस ढकलत होता आणि मालकाला घाई होती. नवा एन्कोडर मागवला, बसवला, चहा प्यायलो, घरी आलो. नवव्या दिवशी फोन: “पात्रांव, परत तशेंच जालां.” (साहेब, परत तसंच झालंय.) जाऊन बघतो तर कपलिंगचा (दोन शाफ्ट जोडणाऱ्या तुकड्याचा) ग्रब स्क्रू (बिनडोक्याचा दाबस्क्रू) शाफ्टच्या सपाट भागावर न बसता गोल भागावर दाबला गेला होता. ब्रेक लागला की कपलिंग केसभर घसरायचं. जुन्या एन्कोडरला हेच कपलिंग होतं आणि नव्यालाही मी तेच लावलं होतं.

तेव्हापासून आकडा चुकला की मी एन्कोडरला शेवटी हात लावतो. शाफ्ट फिरतो तिथपासून स्क्रीनवर आकडा उमटतो तिथपर्यंत मध्ये बरेच जण असतात: कपलिंग, बेअरिंग, डिस्क, केबल, कनेक्टर, इनपुट कार्ड, पीएलसीतला (मशीन चालवणाऱ्या कंट्रोलरमधला) प्रोग्रॅम. यातल्या प्रत्येकाची चुकण्याची चाल वेगळी असते. ती चाल ओळखता आली तर निम्मं काम कागद-पेन्सिलीनेच होतं.

ज्यांचा इन्क्रिमेंटल एन्कोडरशीच जास्त संबंध आला असेल त्यांच्यासाठी एवढंच: इन्क्रिमेंटल फक्त पावलं मोजतो, कुठे उभा आहे ते त्याला माहीत नसतं. ॲब्सोल्यूटच्या डिस्कवर प्रत्येक जागेचा स्वतःचा कोड असतो. १३ बिटांचा असेल तर एका फेरीत ८१९२ जागा, म्हणजे एक काउंट साधारण ०.०४४ अंशाचा. मल्टिटर्न असेल तर किती फेऱ्या झाल्या हेही तो सांगतो, बहुधा १२ बिटांत, म्हणजे ४०९६ फेऱ्यांपर्यंत. वीज जाऊन आली तरी जागा विसरत नाही, म्हणून तर त्याला जास्त पैसे मोजायचे. आणि म्हणूनच तो चुकला की माणूस गोंधळतो.

आधी प्रिसेटपासून हात लांब

सगळ्यात मोठं नुकसान पहिल्या पाच मिनिटांत होतं. मशीन थांबलेलं, सुपरवायझर डोक्यावर उभा, आणि कुणीतरी प्रिसेटचं बटण दाबतं. आकडा जुळतो, मशीन चालतं आणि पुरावा पुसला जातो. मी गेल्या गेल्या सांगतो: दहा मिनिटं द्या, मग खुशाल झिरो करा.

त्या दहा मिनिटांत तीन गोष्टी करा. पहिली, पीएलसीत जाऊन एन्कोडरचा कच्चा आकडा बघा, म्हणजे मिलिमीटर किंवा अंशात बदलण्याआधीचे काउंट. एचएमआयवर (ऑपरेटरच्या स्क्रीनवर) दिसतो तो आकडा चार ठिकाणी गुणून-भागून आलेला असतो, त्यावर भरवसा नको. दुसरी, मशीनवर जिथे पक्की यांत्रिक खूण आहे (डॉवेल पिन, कोरलेली रेघ, हार्ड स्टॉप) तिथे ते उभं करा आणि त्या खुणेवरचा कच्चा आकडा वहीत लिहा. शक्य असेल तर प्रवासातल्या चार-पाच खुणांवर हेच करा, एकदा एका बाजूने येऊन आणि एकदा उलट बाजूने येऊन. तिसरी, पेंट मार्करने शाफ्ट, कपलिंग आणि एन्कोडरचा शाफ्ट यांवरून एकच सरळ रेघ ओढा. एन्कोडरची बॉडी आणि ब्रॅकेट यांवरूनही एक ओढा. दोन रेघांना काही खर्च येत नाही. वेर्ण्याला मी त्या ओढल्या असत्या तर आज फडताळ रिकामं असतं.

रेघा ओढताना किंवा कपलिंगला हात लावताना मशीन लॉक करून टॅग लावलेलं असू द्या. उभ्या ॲक्सिसवर ब्रेक आणि लोड आधी अडकवा. कपलिंग सुटलं की एन्कोडर ‘मी जागेवरच आहे’ असं सांगत राहतो आणि लोड मात्र खाली येत असतो.

चूक कुठल्या चालीने येते ते ओळखा

आता वहीतले आकडे समोर ठेवा आणि बघा चूक कशी वागते.

रोज एकाच दिशेने थोडी थोडी वाढत जाते आणि वीज बंद-चालू करण्याशी तिचा संबंध नाही: काहीतरी घसरतंय. कपलिंग, क्लॅम्प, टायमिंग बेल्टचा दात, मेजरिंग व्हीलचा रबर. यात इलेक्ट्रिकल शोधू नका.

प्रत्येक फेरीत त्याच जागी तेवढीच चूक येते आणि फेरी पूर्ण झाली की शून्य होते: काहीतरी केंद्रातून हललंय. एका फेरीत एकदा चढ-उतार असेल तर डिस्क किंवा मॅग्नेटिक रिंग बाजूला सरकलेली असते. एका फेरीत दोनदा असेल तर दोन शाफ्टमध्ये कोन पडलेला असतो.

एका बाजूने आलं की बरोबर, दुसऱ्या बाजूने आलं की चूक: गिअरचा प्ले, म्हणजे बॅकलॅश. दोन्हींतला फरक हाच प्ले.

थांबलेलं असताना अगदी बरोबर, पळताना चूक, आणि वेग दुप्पट केला की चूकही दुप्पट: ही जागेची चूक नाहीच, वेळेची आहे.

मधूनच एका क्षणासाठी भलताच आकडा येतो आणि लगेच पुन्हा बरोबर होतो: केबल, शील्ड, क्लॉक किंवा प्रोग्रॅममधलं वाचन.

वीज परत आली की चुकलेला असतो आणि मग त्याच फरकाने ठामपणे चुकत राहतो: बॅटरी, रोलओव्हर (मोजणी संपून पुन्हा शून्यावर येणं) किंवा कुणीतरी मारलेलं प्रिसेट.

दोन चाली एकत्रही सापडतात. तेव्हा आधी घसरण बंद करा. ती चालू असताना बाकीचं काहीच मोजता येत नाही.

यांत्रिक भाग: पाना घेऊन

ग्रब स्क्रूचं वर सांगितलंच. स्क्रू शाफ्टच्या फ्लॅटवर बसला आहे का ते कपलिंग काढून बघा. गोल भागावर चमकदार चरा दिसला तर घसरण झालेली आहे. शक्य असेल तिथे ग्रब स्क्रूचं कपलिंग फेकून क्लॅम्पिंग हबचं घ्या. बेलोज कपलिंग वाकवून, नखाने वळ्या उघडून बघा. तडा गेलेला बेलोज हातात चांगला वाटतो, पण लोड आला की पीळ खातो.

होलो शाफ्टच्या एन्कोडरला बॉडी फिरू नये म्हणून टॉर्क आर्म किंवा स्प्रिंग प्लेट असते. ती थोडी हलती असावीच लागते. एका ठिकाणी ती चार बोल्टांनी आवळून वर वेल्डिंगचा टाका मारलेला मी पाहिला आहे, ‘हलत होती म्हणून’. शाफ्टचा जरासा रनआउट (फिरतानाचं डगमगणं) मग सरळ बेअरिंगवर येतो, सहा-आठ महिन्यांत एन्कोडर घरघरायला लागतो आणि आकडा थरथरतो.

बेअरिंग नसलेला, म्हणजे रिंग वेगळी आणि रीडिंग हेड वेगळं असलेला एन्कोडर असेल तर डायल गेज लावून रिंगचा रनआउट बघाच. हिशोब सोपा आहे: रिंग जेवढी केंद्रातून सरकली, भागिले रिंगची त्रिज्या. ४० मिमी त्रिज्येची रिंग ०.०५ मिमी सरकली तर चूक दोन्ही बाजूंना ०.००१२५ रेडियन, म्हणजे साधारण ०.०७ अंश. ऐकायला काहीच नाही. पण त्याच शाफ्टवर ३०० मिमी त्रिज्येचं टेबल असेल तर कडेला ती पावणेचार दशांश मिलिमीटरची चूक होते, आणि त्यात बाटलीचं झाकण वाकडं बसतं.

मेजरिंग व्हीलवर अंतर मोजणाऱ्या ट्रॉली आणि शटलसाठी: ५०० मिमी परिघाच्या चाकाचा व्यास अर्धा मिलिमीटर झिजला की दहा मीटरला ३१ मिमीचा फरक पडतो. चूक अंतरासोबत सरळ वाढत असेल तर आधी चाकाचा व्यास मोजा, मग पीएलसी उघडा.

दोरीच्या एन्कोडरवर, गेटांवर किंवा हॉपरच्या झडपांवर बसवतात त्यांवर, दोरी ड्रमवर एकावर एक चढली की उडी येते. खाऱ्या हवेत दोरी गंजून ताठ होते आणि मग ती नीट गुंडाळत नाही. आपल्या खाजणातल्या (खाडीकाठच्या शेतजमिनीतल्या) मानशींची, म्हणजे बांधातल्या जलद्वारांची, दारं भरती-ओहोटीच्या पाण्यानेच उघडमीट होतात, त्यांना एन्कोडरची फिकीर नाही. बाकीच्यांनी दोरी दर पावसाळ्यानंतर पुसून घ्यावी.

वीज, पाणी आणि केबल

गोव्यात वर्षाला साधारण ३००० मिमी पाऊस पडतो, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. किनाऱ्याजवळच्या कारखान्यांत त्यात मीठ मिसळतं. कनेक्टर हा इथला पहिला संशयित. एम२३ किंवा एम१२ कनेक्टर उघडून पिना उजेडात धरा. हिरवट बुरशीसारखा थर दिसला तर तो तांब्याचा गंज आहे. नुसता स्प्रे मारून परत लावू नका. कनेक्टर बदला, केबलला थेंब गळण्यासाठी खाली झोळ द्या आणि ग्लँडचं तोंड शक्यतो खाली ठेवा. एन्कोडरच्या लेबलवर आयपी६७ (धूळ-पाण्यापासून संरक्षणाचा दर्जा) लिहिलेलं असलं तरी डेटाशीट नीट वाचा. बऱ्याच मॉडेलांत ते बॉडीपुरतं असतं आणि शाफ्टच्या बाजूला आयपी६४ किंवा ६५ एवढंच असतं. म्हणजे धुलाईचं पाणी शाफ्टवर सोडायचं नाही.

ओल ओळखायची एक खूण: चूक सकाळी मशीन चालू केल्यावर पहिला अर्धा तास येते, मग दिवसभर नाही. रात्री गार होताना एन्कोडर शाफ्टच्या सीलमधून दमट हवा आत ओढतो, डिस्कवर दव बसतं, मशीन तापलं की ते उडतं. असा ऑप्टिकल एन्कोडर हेअर ड्रायरने वाळवून चार दिवस चालवता येतो, जास्त नाही.

व्होल्टेज पॅनेलमध्ये मोजू नका, एन्कोडरच्या टोकाला मोजा, आणि मशीन चालू असताना मोजा. २४ व्होल्टच्या एन्कोडरला फरक पडत नाही, पण ५ व्होल्टच्या एन्कोडरला पडतो. ०.२५ चौ. मिमी तांब्याच्या तारेचा रेझिस्टन्स मीटरला ०.०७ ओहम धरा. ४० मीटर केबल म्हणजे जाऊन-येऊन ८० मीटर, ५.६ ओहम. एन्कोडर १५० मिलिअँपिअर घेत असेल तर वाटेतच ०.८४ व्होल्ट गळाले. टोकाला ४.१६ व्होल्ट पोचतात आणि बहुतेक ५ व्होल्टच्या एन्कोडरांना किमान ४.७५ लागतात. तो चालतो, पण लहरीवर. सेन्सच्या तारा असतील तर त्या जोडा, नसतील तर सप्लायसाठी दोन-दोन तारा एकत्र करा.

शील्ड दोन्ही टोकांना आणि गोल क्लॅम्पने पूर्ण घेर धरून जोडा. शील्डची वेणी करून एका टर्मिनलला अडकवलेली असते, ती वेणी व्हीएफडीच्या (मोटरचा वेग बदलणाऱ्या ड्राइव्हच्या) वरच्या फ्रीक्वेन्सीला जवळजवळ निरुपयोगी. एन्कोडरची केबल मोटरच्या केबलपासून किमान वीतभर लांब, आणि ओलांडायचीच झाली तर काटकोनात. तपासायला सोपं: व्हीएफडी बंद ठेवून शाफ्ट हाताने फिरवा. उड्या थांबल्या तर दोष कुठे आहे ते कळलं. मॅग्नेटिक एन्कोडर ब्रेकच्या कॉइलशेजारी बसवला असेल तर ब्रेक सुटताना-लागताना आकडा हलतो का तेही बघा.

आणि एक गोष्ट हात जोडून सांगतो: एन्कोडर जोडलेला असताना केबलला मेगर (इन्सुलेशन तपासायचं मीटर) लावू नका. मेगरचे ५०० व्होल्ट आत गेले की जो एन्कोडर खराब नव्हता तोही खराब होतो. दोन्ही टोकं सोडवा, मग लावा.

उडीचा आकार बघा

क्षणिक उडी येत असेल तर पीएलसीत ट्रेंड लावा, दर स्कॅनला (पीएलसीने प्रोग्रॅम एकदा चालवला की) कच्चा आकडा. आणि उडी किती काउंटची आहे ते बघा.

उडी नेमकी २५६, १०२४ किंवा ४०९६ अशी, म्हणजे दोनाचा घात असेल, तर बायनरीतला एकच बिट हलतोय. पॅरलल आउटपुटच्या जुन्या एन्कोडरात ही त्या बिटाची एक तुटकी तार असते. ग्रे कोडमध्ये गंमत वेगळी आहे. या कोडमध्ये शेजारच्या दोन आकड्यांत फक्त एकच बिट बदलतो, त्यामुळे सीमारेषेवर घोळ होत नाही. बेल लॅबच्या फ्रँक ग्रे यांच्या १९५३ च्या पेटंटवरून त्याला हे नाव पडलं. पण ग्रेचं बायनरी करताना वरचा एक बिट चुकला की त्याच्या खालचे सगळे बिट उलटे होतात. म्हणून ग्रेमध्ये एखादा बिट अडकला असेल तर शाफ्ट पुढे फिरताना ठरावीक पट्ट्यात आकडा चक्क मागे मोजत जातो. हे एकदा ट्रेंडवर पाहिलं की आयुष्यभर विसरत नाही: चढत्या रेषेत मध्येच उतार, पुन्हा चढ. संपूर्ण फेरीभर आकडा ०, १, ३, २, ६, ७, ५, ४ असा अडखळत असेल तर तार चांगली आहे. एन्कोडर ग्रेमध्ये बोलतोय आणि कार्ड बायनरी समजतंय.

एसएसआय: बिट आणि वेळ

आपल्याकडच्या जुन्या-नव्या बऱ्याच मशीनांवर एसएसआय, म्हणजे आकडा एकेक बिट करून पाठवायची पद्धत, दिसतो. कार्ड क्लॉकचे ठोके पाठवतं, एन्कोडर पहिल्या ठोक्याला जागा पकडून ठेवतो आणि मग दर ठोक्याला एक बिट, सगळ्यात मोठा आधी, असं बाहेर ढकलतो. शेवटी साधारण २० ते ३० मायक्रोसेकंद थांबायचं असतं. तेवढं न थांबता कार्डाने पुन्हा विचारलं तर नवा आकडा मिळत नाही. साध्या एसएसआयमध्ये चेकसम (आकडा बरोबर पोचला का ते तपासणारे जादा बिट) नसतो, म्हणून चुकीचा आकडाही तो निर्धास्तपणे सांगतो. बीस आणि एनडॅट या दुसऱ्या पद्धतींत सीआरसी हा असाच ताळा असतो, तिथे निदान अलार्म येतो.

बिटांची संख्या आधी तपासा. एन्कोडर २५ बिटांचा आणि कार्डात २४ लिहिले असतील तर आकडा निम्मा येतो. २६ लिहिले असतील तर दुप्पट. एन्कोडर बदलल्यावर ‘अंतर बरोबर निम्मं दाखवतोय’ अशी तक्रार आली की मी फोनवरच हे विचारतो.

मग क्लॉकचा वेग. केबलमधून सिग्नलला मीटरला सुमारे ५ नॅनोसेकंद लागतात. क्लॉक जाणार, डेटा परत येणार, म्हणजे मीटरला १०. केबल ७० मीटर असेल तर ७०० नॅनोसेकंद. क्लॉक १ मेगाहर्ट्झचा असेल तर त्याचा अर्धा ठोका ५०० नॅनोसेकंदांचा. डेटा पोचेपर्यंत कार्डाने वाचून टाकलेलं असतं, सगळा आकडा एक बिट सरकतो, आणि थंडी-उन्हात तो कधी सरकतो, कधी नाही. कामाचा ठोकताळा: ५० मीटरपर्यंत ४०० किलोहर्ट्झ, १०० ला ३००, २०० ला २००, ४०० मीटरला १००. शंका असेल तर क्लॉक १०० वर आणून दिवसभर चालवून बघा. चूक गेली तर केबलवर आणखी पैसे घालू नका.

क्लॉकच्या दोन्ही तारा एका पिळात आणि डेटाच्या दोन्ही तारा दुसऱ्या पिळात असाव्यात. क्लॉक+ एका जोडीतून आणि क्लॉक− दुसऱ्या जोडीतून नेलेली वायरिंग बेंचवर दोन मीटर केबलने झकास चालते. साइटवर चालत नाही.

शिफ्टला एकदा चुकणारं टेबल

कुंडईच्या एका कारखान्यात २४ स्टेशनांचं फिरतं टेबल होतं, दर स्टेशनला १० सेकंद, म्हणजे एक फेरी चार मिनिटांची. गिअरबॉक्स बदलल्यापासून साधारण शिफ्टला एकदा टेबल भलत्याच जागी थांबायचं. शिफ्टच्या शेवटाकडेच व्हायचं, म्हणून रात्रपाळीच्या पोरावर खापर फुटलं. तीन दिवस तो बिचारा ‘मी काही केलं नाही’ म्हणत होता. मी गेलो ते वही घेऊन, आणि त्याच पोराला सांगितलं, चूक व्हायच्या आधीचा आणि नंतरचा कच्चा आकडा लिहून ठेव. दुसऱ्या दिवशी वहीत तीन नोंदी होत्या. प्रत्येकीत आधीचा आकडा तीन कोटी पस्तीस लाखांच्या आसपास, नंतरचा दोन-तीनशे.

२५ बिटांचा एन्कोडर ३,३५,५४,४३२ काउंटनंतर पुन्हा शून्यावर येतो. म्हणजे ४०९६ फेऱ्या. जुना गिअरबॉक्स ३२ चा होता: टेबलाची एक फेरी म्हणजे एन्कोडरच्या ३२. ४०९६ भागिले ३२ बरोबर १२८. एन्कोडर शून्यावर येताना टेबलही शून्यावरच असायचं, म्हणून वर्षानुवर्षं कुणाला कळलं नाही. नवा गिअरबॉक्स ३६ चा. बसवणाऱ्याने प्रोग्रॅममधला आकडा २,६२,१४४ चा २,९४,९१२ केला, तेवढं बरोबर केलं. पण ४०९६ ला ३६ ने भाग जात नाही. ११३ फेऱ्या होऊन वर २८ उरतात, म्हणजे एन्कोडर शून्यावर येतो तेव्हा टेबल २८० अंशांवर असतं. ११३.७८ फेऱ्या गुणिले चार मिनिटं म्हणजे सात तास पस्तीस मिनिटं. शिफ्टला एकदा!

उपाय प्रोग्रॅममध्ये आहे. दर स्कॅनला नव्या आकड्यातून जुना वजा करा. फरक १,६७,७७,२१६ पेक्षा जास्त निघाला तर ३,३५,५४,४३२ वजा करा, उणे बाजूला तेवढा गेला तर मिळवा. हा फरक टेबलाच्या स्वतःच्या मोजणीत घाला, ती २,९४,९१२ ला गुंडाळा, आणि जुना आकडा व मोजणी दोन्ही रिटेंटिव्ह (वीज गेली तरी टिकणाऱ्या) मेमरीत ठेवा. बॅकअप बॅटरी किंवा मेमरी कार्ड गेलं तर हे सगळं जातं, म्हणून एका यांत्रिक खुणेवर प्रॉक्सिमिटी सेन्सर लावून दर फेरीला ताळा बघा. काही फील्डबस एन्कोडरांत ‘एंडलेस’ किंवा ‘राउंड ॲक्सिस’ अशी सोय असते. घेताना ३६ सारखं प्रमाण चालतं का ते विचारून घ्या. एकाच दिशेने फिरणारं कुठलंही यंत्र असेल तर गिअरबॉक्स घेण्याआधी हा भागाकार करा. ज्यांचा प्रवास पुढे-मागे आहे त्यांना याची गरज नाही, फक्त प्रवासाच्या मध्याला एन्कोडरच्या पल्ल्याचा मध्य आणून ठेवा.

पीएलसीतले छोटे चोर

वेगासोबत वाढणारी चूक म्हणजे उशीर. मिनिटाला ६० स्ट्रोक म्हणजे सेकंदाला ३६० अंश, मिलिसेकंदाला ०.३६ अंश. स्कॅन १० मिलिसेकंदांचा असेल तर आकडा हाती येईपर्यंत शाफ्ट ३.६ अंश पुढे गेलेला. ३० स्ट्रोकला चूक १.८ अंश आली तर निदान पक्कं. उशीर काढायचा तर वाचन वेगवान इंटरप्टमध्ये न्या, किंवा वेगाप्रमाणे कॅम (ठरावीक अंशाला चालू होणारा आउटपुट) आधी सुरू करा.

एका क्षणापुरती ६५,५३६ ची उडी येत असेल तर ३२ बिटांचा आकडा १६-१६ बिटांच्या दोन तुकड्यांत, दोन वेगवेगळ्या वेळी वाचला जातोय. दोन्ही एकाच विनंतीत वाचा. ३२,७६७ नंतर आकडा उणे होत असेल तर कुणीतरी तो १६ बिटांच्या इंटिजरमध्ये भरलाय.

आणि रिअल, म्हणजे दशांश आकड्यांचा प्रकार. ३२ बिटांच्या रिअलमध्ये १,६७,७७,२१६ पर्यंतचेच सगळे पूर्णांक नेमके बसतात. १२ अधिक १८ असा ३० बिटांचा एन्कोडर थेट रिअलमध्ये टाकला तर पल्ल्याच्या वरच्या अर्ध्यात आकडा ६४-६४ च्या पायऱ्यांनी चालतो. फेरीत २,६२,१४४ काउंट, भागिले ६४, म्हणजे ४०९६. १८ बिटांचे पैसे देऊन १२ बिटांचा एन्कोडर वापरल्यासारखं झालं. आधी डबल इंटिजरमध्ये ऑफसेट वजा करा, मग रिअल.

चवथीनंतरचा सोमवार

चवथीला (गणेश चतुर्थीला) इथले कारखाने काही दिवस बंद असतात. मेन स्विच पाडलेला. परत आल्यावर सर्व्हो ॲक्सिस जागा विसरलेले, ‘ॲब्सोल्यूट पोझिशन लॉस्ट’चा अलार्म. ज्या एन्कोडरात फेऱ्यांची मोजणी बॅटरीवर चालते त्यांचंच हे होतं. गिअरवाले किंवा विगँड तारेवर (फिरत्या चुंबकाने स्वतःच वीज तयार करणाऱ्या तारेवर) चालणारे सुटतात. ३.६ व्होल्टची ही लिथियम बॅटरी शेवटपर्यंत व्होल्टेज सपाट ठेवते आणि मग एकदम कोसळते, त्यामुळे मीटरवर ३.६ दिसलं म्हणजे ती चांगली असं मानू नका. बसवल्याची तारीख तिच्यावरच लिहा, मुदतीनुसार जुलैतच बदला, आणि बदलताना ड्राइव्हचा कंट्रोल सप्लाय चालू ठेवा. बॅटरी ड्राइव्हच्या बाजूला असेल तर एन्कोडरची केबल काढली तरीही जागा जाते. मोटर उतरवण्याआधी खुणेवर उभं करून कच्चा आकडा लिहा.

खरोखरच एन्कोडर गेला असेल तर

वरचं सगळं करूनही आकडा थरथरतो, शाफ्ट हाताने फिरवला की खरखर लागते, किंवा बेंचवर दोन मीटर केबल आणि वेगळ्या सप्लायवरही तीच चूक येते. मग बदला. नवीन बसवताना शाफ्टवर हातोडी मारू नका, काचेची डिस्क आत फुटते. जुन्याच्या लेबलवरून बिट, कोड, व्होल्टेज, फिरण्याची दिशा लिहून घ्या. प्रोफिनेट असेल तर डिव्हाइसचं नाव, प्रोफिबस असेल तर ॲड्रेस आणि टर्मिनेशनचा स्विच. पहिल्यांदा जॉग (बटण दाबून थोडं थोडं चालवणं) सगळ्यात कमी वेगाने, एक हात इमर्जन्सी स्टॉपवर. दिशा उलटी असेल तर सर्व्हो लूप दुरुस्त करण्याऐवजी पळून जातो.

मग प्रिसेट मारा, यांत्रिक खुणेवर उभं करून. पॅनेलच्या दाराच्या आतल्या बाजूला तारीख आणि त्या खुणेवरचा कच्चा आकडा मार्करने लिहा. आठवडाभर रोज सकाळी त्याच बाजूने त्याच खुणेवर आणून तो पुन्हा वाचायला सांगा. एक-दोन काउंटचा फरक चालतो. रोज पाच-सहा काउंट एकाच दिशेने सरकत असेल तर कपलिंगवरची रेघ बघा, आणि काढलेला एन्कोडर अजून भंगारात टाकू नका.